आमच्या घरमालकांचे निर्बंध

जगातल्या कुठल्या देशाला कुठल्या गुन्ह्याबद्दल किती शिक्षा व्हायला हवी, हे पक्कं ठाऊक असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो पनवेलला आमचा घरमालक होता. ज्या प्रश्नांवर मोठमोठ्या देशांचे परराष्ट्रमंत्री आणि त्यांचे सल्लागार आठवडेच्या आठवडे खल करत बसत, त्यांचा निकाल आमचे घरमालक सकाळी विहिरीपाशी दात घासता घासता लावून मोकळे होत. अडचण एवढीच असे, की निकाल कळवायचा कुणाला. मग तो आम्हा भाडेकरूंना कळवला जाई.

आम्ही त्यांच्याकडे जागा बघायला गेलो ते नव्वद सालच्या जानेवारीत. माझी कॉलेजातली नोकरी नवी होती, नवरा रसायनीच्या कारखान्यात पाळीवर जायचा, आणि नवीन पनवेलमधल्या घराचा आमचा नंबर लागायला अजून बराच अवकाश होता. जुन्या गावात तळ्याच्या बाजूला त्यांचं एकमजली घर, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. भाडं, अनामत, पाहुणे किती येतात, असलं काहीही न विचारता त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि माझ्या नवऱ्याकडे रोखून पाहत विचारलं, "पनामाबद्दल तुमचं काय मत आहे?" नवरा बिचारा घाबरला. त्याला ठाऊक असलेली पनामा म्हणजे पानपट्टीवरची सिगरेट. म्हणाला, "मी सिगरेट ओढत नाही." आतून काकूंच्या, म्हणजे घरमालकांच्या पत्नीच्या, हसण्याचा आवाज आला. नुकतंच एका महासत्तेनं पनामा नावाच्या चिमुकल्या देशात सैन्य घुसवलं होतं आणि तिचा कान कुणीही धरला नव्हता, हे घरमालकांनी आम्हाला पुढचा तासभर समजावून सांगितलं. जागा आम्हाला मिळाली. का मिळाली, ते काकूंनी पुढं कधीतरी सांगितलं. आम्ही गेल्यावर ते म्हणाले होते, "अज्ञानी आहे, पण पक्षपाती नाही."

पक्षपात हा त्यांचा खरा वैरी. उभी नोकरी त्यांनी वजनमापं तपासण्यात घालवली होती. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी वाण्यांची वजनं त्यांनी उलटी करून, तळाचं शिसं खरवडून पाहिली होती. निवृत्त झाल्यावरही पिशवी घेऊन बाजारात शिरले, की भाजीवाल्या आपणहून एखादा टोमॅटो जास्त टाकत, आणि हे तो परत काढायला लावत. जास्त तोललं तरी माप खोटंच, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्याबरोबर बाजाराला जायला काकू कधीच तयार नसत.

जगाची वजनमापं तपासायला त्यांच्याकडे एक जुना रेडिओ होता. त्याची तार आमच्या खिडकीच्या गजाला बांधून पलीकडच्या शेवग्यापर्यंत नेलेली होती, आणि मी खिडकीत ओला टॉवेल टाकला की खालून हाक येई, "प्रोफेसरीणबाई, लंडन गेलं!" मी टॉवेल काढला की लंडन परत येई. परदेशांतली दोन-तीन केंद्रं आणि आपलं दिल्लीचं, अशा सगळ्यांच्या बातम्या ते ऐकत, आणि प्रत्येकानं काय सांगितलं यापेक्षा काय गाळलं यावर त्यांचं बारीक लक्ष असे.

नुसतं ऐकून ते थांबत नसत. दोषी देशाला शिक्षा करत. पनामावरून त्यांनी त्या महासत्तेच्या कंपनीच्या ब्लेडनं दाढी करणं सोडलं आणि देशी ब्लेडनं गाल कापून घेतले. अफगाणिस्तानात रशियाचं सैन्य शिरलं, त्या वर्षी त्यांनी गुळगुळीत कागदाची, स्वस्तातली सुंदर रशियन पुस्तकं घेणं बंद केलं होतं. ही शिक्षा त्यांना फार जड गेली, कारण त्या पुस्तकांवर त्यांचा जीव होता. रशिया आपला मित्र म्हणून आपलं सरकार तेव्हा त्याला स्पष्ट शब्दांत काही बोललं नाही, तर आपल्या सरकारलाही शिक्षा हवी, असं त्यांच्या मनानं घेतलं. पण सरकारचं सोडणार काय? शेवटी त्यांनी महिनाभर दिल्लीच्या बातम्या सोडल्या. दिल्लीला याचा पत्ता लागला नाही, पण काकूंना त्या महिन्यात सकाळी जरा शांतता मिळाली.

आम्ही राहायला आलो त्याच वर्षी, नव्वदच्या ऑगस्टात, इराकनं कुवेत गिळलं आणि आमच्या घराला खऱ्या अर्थानं बहर आला. घरमालकांनी पहिल्याच दिवशी इराकला दोषी ठरवून खजूर सोडला. पण जगानं इराकची नाकेबंदी केली तेव्हा त्यांचं डोकं दुसऱ्या बाजूनं तापलं. इराकनं इराणवर हल्ला केला तेव्हा हेच मोठे देश गप्प होते, कारण तेव्हा तो त्यांच्या कामाचा होता. विषारी वायू सोडला तरी त्याला पोटात घातलं, आणि आता त्यानं तेलाच्या विहिरींना हात लावल्यावर सगळ्यांना कायदा आठवला. "गुन्हेगार आहेच तो," घरमालक म्हणायचे, "पण गुन्हेगार कालही होता. काल तुम्ही कुठं होतात?" हा प्रश्न ते शेवग्याला विचारत असल्यासारखे वर बघून विचारत.

या सगळ्याला मान डोलवायला त्यांचा एक हक्काचा माणूस होता. आमच्याच घरात तळमजल्यावर राहणारे कंट्रोलर. बसस्थानकावरून निवृत्त झालेले, भरदार मिशांचे, खुशालचेंडू गृहस्थ. दोघांची चाळीस वर्षांची मैत्री होती. मुलानं नवीन पनवेलला घर घेतलं होतं, ते केव्हाचं तयारही होतं, पण मित्राला सोडून जायला नको म्हणून कंट्रोलर जुन्या खोल्यांतच राहिले होते. संध्याकाळी दोघं बुद्धिबळ खेळायचे आणि इतर कुणाला साधं प्यादंही परत न देणारे घरमालक कंट्रोलरांना मात्र चाल मागे घेऊ द्यायचे. कंट्रोलरांकडे एक स्कूटर होती. ती ते रोज सकाळी गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यानं, नळी लावून, देवाला अभिषेक करावा तशी धूत. कधी नळी तशीच सोडून चहाला जात. टाकी रिकामी व्हायची, वर आमच्या नळाला वारा यायचा, आणि आम्ही तक्रार केली की घरमालक हसून म्हणायचे, "असू दे हो, त्याची एकच तर हौस आहे."

तळमजल्याच्या दुसऱ्या बाजूला घरतबाई राहत. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. माहेर करंजा या मासेमारीच्या गावचं, नवरा बंदरावर नोकरीला आणि आठवड्यातून एकदा घरी. कडक इस्त्रीची साडी, मोजकं बोलणं. घरमालकांशी त्यांचं भांडण असं कधी नव्हतं, पण सूत जमलेलंही नव्हतं. रेडिओवरच्या निकालांना त्या मान डोलवत नसत. कामाला जायची घाई आहे म्हणत आणि निघून जात. संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या भावानं करंज्याहून ओले बोंबील आणून दिले, ते बाईंनी गच्चीवर दोरी बांधून वाळत घातले. दुपारी घरमालक टाकी बघायला वर गेले आणि नाकाला उपरणं लावून खाली आले. संध्याकाळी गच्चीच्या दाराला कुलूप. अंगणात उभं राहून, बातम्या द्याव्यात तशा आवाजात त्यांनी जाहीर केलं, की सामाईक जागेचा गैरवापर झाल्यामुळे घरतबाईंना पुढील सूचनेपर्यंत गच्ची बंद करण्यात येत आहे. किल्ली आम्हाला मिळाली, कंट्रोलरांना मिळाली. घरतबाईंनी अर्धे ओले बोंबील टोपलीत भरून दवाखान्यातल्या आयांना वाटून टाकले. कपडे त्या त्यानंतर खोलीतच वाळत घालू लागल्या. मी एकदा त्यांना माझी किल्ली देऊ केली तर म्हणाल्या, "नको मॅडम. चोरून गच्चीवर जायला आमी काय चोर हाय?"

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत, आखातात लढाई ऐन भरात असताना, गावातल्या वाचनालयानं घरमालकांचं भाषण ठेवलं. विषय त्यांनीच दिला होता, 'महासत्तांचा न्याय'. काळा कोट बाहेर निघाला, त्याला कापराचा वास. सगळ्या घरादाराला आमंत्रण होतं. मी आणि काकू मधल्या रांगेत बसलो, कंट्रोलर टाळ्या सुरू करण्यासाठी पहिल्या रांगेत. घरतबाई ड्यूटीवरून थेट आल्या आणि कडेच्या खुर्चीत बसल्या. भाषण उत्तम चाललं होतं. कालचा इराक आणि आजचा इराक झाला, पनामा आणि कुवेत झालं. अफगाणिस्तानावरच्या आपल्या मौनाबद्दल बोलले तेव्हा दोन-चार जण खुर्चीत चुळबुळले, तर ते आणखी ठासून बोलले. मग समोरच्या बायकांना आणि पोरांना कळावं म्हणून त्यांनी एक साधं उदाहरण घेतलं.

"समजा," ते म्हणाले, "एक घर आहे. घरमालक एक आणि भाडेकरू दोन. एक घरमालकाच्या मर्जीतला, दुसरा नाही. आता मर्जीतल्या भाडेकरूनं सगळ्यांचं पाणी सांडलं, तर घरमालक म्हणतो, असू दे. आणि दुसऱ्यानं नुसतं..."

इथं ते थांबले. त्यांची नजर कडेच्या खुर्चीकडे गेली होती. घरतबाई रागावलेल्या नव्हत्या, हसतही नव्हत्या. पुढं काय होतं ते ऐकायला जरा पुढं वाकून बसल्या होत्या, इतकंच. माझ्या शेजारी काकूंनी पदर तोंडाला लावला. घरमालकांनी कोटाची बटणं चाचपली, समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायले, आणि म्हणाले, "या विषयावर पुढं बोलायचा मला आज अधिकार नाही." आणि खाली बसले. भाषण संपलं असं समजून कंट्रोलरांनी जोरात टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी वक्त्याच्या नेमकेपणाचं कौतुक केलं.

घरी येताना ते आमच्या चार पावलं पुढं चालत होते. आल्या आल्या गच्चीचं कुलूप काढलं, आणि कोट अंगात तसाच ठेवून घरतबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. गच्ची उघडली आहे, एवढं सांगून ते वळणार, तर बाईंनी त्यांना थांबवलं.

"उघडलीत, बरं झालं. पन घातलं कशाला होतं कुलूप, ते एकदा सांगा."

घरमालकांनी कोटाची कॉलर सरळ केली. हा माणूस आता 'सामाईक जागा' असं काहीतरी म्हणेल, अशी मला जिन्यातून भीती वाटत होती. पण ते म्हणाले, "मला बोंबलाचा वास सोसत नाही. ती माझी नावड. तिला मी नियम म्हटलं, ते चुकलं."

बाईंनी मान हलवली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं. पण आमचे घरमालक अर्ध्यावर सोडणारे नव्हते. एका बाजूचा अन्याय मिटला, तरी दुसऱ्या बाजूचा हिशेब राहतोच, असं त्यांनी काकूंना जेवताना ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात जाहीर केलं, की टाकीचं पाणी वारंवार वाया घालवल्याबद्दल कंट्रोलरांचा नळ बंद करण्यात येत आहे, आणि घरतबाईंना जितके दिवस गच्ची बंद होती तितके दिवस तो बंद राहील. कंट्रोलर आधी खूप हसले. भाषण फसल्यामुळे मित्र गंमत करतोय असं त्यांना वाटलं. घरमालकांनी पान्ह्यानं चावी आवळली तेव्हा त्यांचं हसू मावळलं.

"अरे, मित्राला सांभाळून घ्यायचं नाही, तर मग मित्र म्हणायचं कशाला?" ते म्हणाले. खरं सांगायचं तर मला तो प्रश्न अगदीच गैर वाटला नाही.

घरमालकांनाही तो गैर वाटला नसावा, कारण पुढचे दिवस त्यांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुठल्या सरकारला करताना पाहिलेलं नाही. नळ बंदच ठेवला. आणि रोज सकाळी उठून, धोतर खोचून, विहिरीचं पाणी शेंदून, ते स्वतः बादल्या भरून कंट्रोलरांच्या दाराशी नेऊन ठेवू लागले. वय सत्तरीला टेकलेलं. प्रत्येक बादलीला दोनदा थांबत. घरमालक म्हणून शिक्षा आणि मित्र म्हणून पाणी, दोन्ही चोख. कंट्रोलर मात्र हट्टाला पेटले. ते त्या बादल्यांना शिवत नसत. रस्त्यापलीकडच्या सार्वजनिक नळावरून कळशी आणत, तीही मुद्दाम घरमालकांच्या समोरून. स्कूटर धुळीनं भरली. बुद्धिबळाचा पट गुंडाळून ठेवला गेला. भरलेल्या बादल्या दुपारपर्यंत दाराशी तशाच, मग काकू ते पाणी जास्वंदीला घालत. त्या वर्षी आमची जास्वंद अशी फुलली की येणारेजाणारे चौकशी करत.

हे सगळं घरतबाई बघत होत्या. एका रविवारी घरमालक बादली घेऊन धापा टाकत त्यांच्या दारावरून चालले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमची गच्ची बंद होती, तवा आमचे बोंबील कुनी सुकवून दिले नाय."

घरमालकांनी बादली खाली ठेवली. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मित्राच्या शिक्षेबरोबर बादली आली होती, परक्याच्या शिक्षेबरोबर काहीच नाही. ते मागे फिरून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. नंतर त्यांनी बाईंना विचारलं, भाऊ पुन्हा कधी येणार आहे म्हणून.

भाऊ पुढच्याच आठवड्यात आला. बोंबील गच्चीवर दोऱ्यांवर चढले, आणि त्यांच्या राखणीला आमचे घरमालक. बाई कामावर गेल्या की ते गच्चीत खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री, एका हातात काठी, आणि नाकाला कापूर गुंडाळलेला रुमाल, असे दिवसभर कावळे हाकत बसायचे. रेडिओ शेजारी असायचा. रुमालामुळे त्यांचे निकाल आम्हाला नीट ऐकू येत नसत. मांजर आलं की काठी आपटत, आणि एकदा तर माझ्या नवऱ्यालाच, तो टाकी बघायला चोरपावलांनी वर गेला म्हणून, काठी बसता बसता राहिली. संध्याकाळी त्यांचे डोळे लाल झालेले असत. काकू म्हणायच्या, बास झालं, कळलं सगळ्यांना. पण सुकेपर्यंत ते उठले नाहीत. बाईंनी सुकलेले बोंबील डब्यात भरले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा घरमालकांना 'काका' म्हटलं. "काका, आता तुमी खाली या, चहा टाकलाय." आणि काका त्यांच्या घरात जाऊन चहा प्यायले. रुमाल खिशात होता.

कंट्रोलर मात्र नळ उघडायची वाट पाहायला थांबले नाहीत. गुढीपाडव्याला, चांगला मुहूर्त म्हणून, त्यांनी टेम्पो बोलावला आणि मुलाच्या घरी नवीन पनवेलला गेले. घरमालक टेम्पोत सामान चढवू लागले, तर त्यांनी ते हातातून काढून घेतलं. शिक्षेचे थोडेच दिवस उरले होते. रिकाम्या खोल्यांचा नळ घरमालकांनी ठरल्या दिवशी, ठरल्याप्रमाणे उघडला. खोल्या पुढं कित्येक महिने त्यांनी कुणाला दिल्या नाहीत.

आमचाही नंबर लागला आणि आम्ही नवीन पनवेलला राहायला गेलो. कंट्रोलर कधीमधी भाजीबाजारात भेटत. एकदा मीच विषय काढला, तेव्हा म्हणाले, "शिक्षेचं काही नाही हो. पण मला आणि त्या बाईला त्यानं एका रांगेत उभं केलं, ते लागलं मला." एका रांगेत उभं करणं, हेच तर सगळं होतं. पण ते मेथीची जुडी हातात धरून भरबाजारात कसं सांगणार. घर सोडताना त्यांना काय झालं असेल, तेही मला दिसत होतं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात आपण अणुचाचण्या केल्या आणि आपल्यावरच निर्बंध आले. मी जुन्या घरी गेले होते. घरमालक खूप थकले होते, रेडिओ आता नीट ऐकू येत नव्हता. गल्लीतले लोक चिडून त्यांच्याकडे आले होते. इतरांना माफ आणि आम्हालाच शिक्षा का, हे त्यांच्या तोंडून ऐकायला. काका म्हणाले, "आपल्यावर आलं म्हणून लगेच अन्याय म्हणू नका. हेच शेजाऱ्यानं केलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, ते आधी घरी जाऊन बघा." लोकांना ते फारसं आवडलं नाही. थोड्याच दिवसांत शेजाऱ्यानंही तेच केलं, आणि गल्लीनं काय म्हटलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले. घरतबाई ड्यूटीवरून परतत होत्या, त्यांनी येता येता काकांच्या हातात औषधाची पुडी दिली आणि संध्याकाळी न चुकता घ्यायला बजावलं. त्या आत गेल्यावर काका हळूच म्हणाले, "तिकडं कंट्रोलर दिसतो का कधी?"

बरे आहेत, काठी घेऊन संध्याकाळी बागेत येतात, असं मी सांगितलं. ते मान हलवत राहिले.

"प्रोफेसरीणबाई, मैत्रीत थोडा पक्षपात लागतो का हो?"

"लागतो, काका."

"हं." ते रस्त्याकडे बघत होते. "सरकारला चालायचा नाही. पण माणसाला चालत असेल." मग फाटकाची कडी त्यांनी दोनदा लावून पाहिली. शेवटी म्हणाले, "बागेत किती वाजता येतो, म्हणालात? उद्या जाऊन येतो."

ते गेले का, हे मी पुढं काकूंना कधी विचारलं नाही. गेले असतील, असंच मी धरून चालते.